न सुजलेलं बोट

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. हाडातल्या मज्जेत जन्मले आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या डाव्या तर्जनीत कायमची राहायला आले. जंतू दिसला की गिळायचा आणि रक्तातल्या भावंडांना हाका मारायच्या, हे माझं काम. आम्ही जमलो की बोट सुजतं, ठणकतं. त्याबद्दल शाबासकी सोडाच, बोलणीच जास्त खाल्ली.

बाईंच्या भिंतीवर कागदी नमुने टांगलेले असतात. जो उतरवाल, त्याचाच कपडा शिवला जातो. माझ्यातली जनुकं तशीच. रोज सकाळी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक माझ्यात शिरतं आणि हाकांचे नमुने थोडा वेळ गुंडाळून ठेवतं. तेही बरंच, नाहीतर आम्ही किरकोळ कारणावरून घर डोक्यावर घेतलं असतं.

एकदा गणवेशांच्या ढिगापायी बाईंची मान धरली. जाऊबाईंनी गोळ्यांची भरगच्च पुडी पुढे केली. “माझ्याच उरल्यात गं. दोन दिवसांत गुण येतो बघ.”

त्या गोळ्यांत त्याच संप्रेरकाचा दांडगा भाऊ, म्हणजे स्टेरॉइड होतं. मान मोकळी झाली, म्हणून बाई दीड महिना त्या घेत राहिल्या. माझे नमुने गुंडाळलेलेच राहिले.

अशात मशीनची सुई बोटात मोडली. बाईंनी तुकडा ओढून काढला, चिंधी गुंडाळली आणि पुढची बाही जोडायला घेतली. जंतू आत शिरले. मला ते दिसत होते, पण हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना.

“आई, डॉक्टरांना दाखव ना,” लेक म्हणाली.

“सूज नाही, ठणका नाही. उगाच कसला बाऊ करतेस?”

माझ्या गप्प बसण्यालाच बाई बरं होणं समजल्या. याची मला आजही लाज वाटते.

आठवड्याने ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी बोट चिरून पू काढला आणि गोळ्यांची पुडी पाहून कपाळाला हात लावला. “कुणाच्याही गोळ्या अशा घेतात का? आता एकदम बंदही करू नका, मी सांगेन तशा कमी करा.” जाऊबाई बाकावर मान खाली घालून रडत होत्या.

बोट वाचलं, पण वाकेनासं झालं.

मित्रांनो, आमचा त्रास होतो हे मला कबूल आहे. पण आम्हाला गप्प करायचं असेल, तर डॉक्टरांना विचारून करा. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्यांनी करू नका.

हल्ली मशीनवर लेक बसते. परवा तिची शिवण वाकडी जाऊ लागली, तेव्हा कापड सरळ करायला बाईंचा डावा हात सवयीने पुढे आला. तर्जनी कापडावर ताठ टेकली, आणि बाईंनी हात मागे घेतला.