नुहादमावशीचा पेला

"मावशी, ते फुटतं का गं?"

लमीसने विचारलं आणि स्वयंपाकघरातली बडबड एकदम थांबली. खरं तर प्रश्न तिचा नव्हता. जोएल आणि रीता या दोघींनी शाळेच्या जिन्यात तिला डिवचलं होतं. विचारून दाखव, मग तुला माईकवाली म्हणू. यंदापासून रोज सकाळी सगळ्या शाळेपुढे माईकवर बातम्या वाचायचा मान लमीसला मिळाला होता आणि तेव्हापासून जगात आपल्याला विचारता येणार नाही असा एकही प्रश्न उरलेला नाही, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

"जीभ आहे की कात्री?" आई म्हणाली. आईचं नाव मार्लेन. तिच्यापुढे द्राक्षाच्या कोवळ्या पानांचा ढीग होता, हातात भात-खिम्याचं सारण. "बाप बसलाय बाहेर."

बाहेर व्हरांड्यात बाबांनी रेडिओ मोठा केला. आपल्या झहले गावाहून राजधानी बैरूतपर्यंत व्हॅन चालवणारा माणूस, घाटातल्या कुठल्याही वळणाला न घाबरणारा. पण घरातल्या बायका असं काही बोलू लागल्या की त्यांचा रेडिओ मोठा व्हायचा.

हसली ती नुहादमावशी. तळहातावर पान पसरून त्यात सारणाची बारीक रेघ ओढता ओढता म्हणाली, "फुटत नाही गं. गच्च होतं. टायरमध्ये हवा जास्त झाली की गाडी कशी धडधडते, विचार तुझ्या बाबांना. तसं. पहिले दोन दिवस मी खड्ड्याखड्ड्यातून चालल्यासारखी चालते."

"आणि मग?"

"मग सवय होते. सवय कशाचीही होते."

मावशी मार्लेनची धाकटी बहीण. लग्न झालेलं नाही. आजी होती तोवर आजीचं सगळं तिने केलं, आणि आता खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहून जेवायला वर येते. बाजारातल्या लाँड्रीत ती इस्त्री करते. तीन हिवाळ्यांपूर्वी आजारपणात तिचा डावा स्तन काढावा लागला. त्यानंतर बरेच दिवस तिने गव्हाच्या दलियाची एक पिशवी स्वतःच शिवून त्या जागी वापरली. पण लाँड्रीत दिवसभर वाफ. दलिया फुलायचा. "सकाळी मी दोन्हीकडून सारखी असते," ती सांगायची, "संध्याकाळपर्यंत एका बाजूने श्रीमंत होते." हे सांगताना ती स्वतःच इतकी हसायची, की ऐकणाऱ्याला रडायची सोयच राहायची नाही.

गेल्या शरदात डॉक्टरांनी तिथे कातडीखाली एक रिकामी पिशवी बसवली. दर गुरुवारी सुईने त्या पिशवीत थोडं थोडं मिठाचं पाणी भरायचं. कातडी हळूहळू ताणली जाते, जागा तयार होते. मग पिशवी काढून कायमचं इम्प्लांट. किती भरायचं ते मात्र मावशीने ठरवायचं होतं. "आरशात बघत राहा," डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "पुरेसं वाटलं की बस म्हणा. मी थांबेन."

नेमकं तिथेच सगळं अडलं. झहलेत कुणाच्या पहिल्या 'बस'ला कोण थांबतं? पाहुण्याने तीनदा बस म्हणायचं, यजमानाने तीनदा ऐकू न आल्यासारखं करायचं, चौथ्या वेळी पाहुण्याने ताटावर हात धरला तर बोटांवर वाढायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. न वाढणाऱ्यालाच नावं ठेवतात. मावशीचं काय व्हायचं, की ती बस एकदाच म्हणायची. तेही हळू. आणि मग ताटात जे पडेल ते मुकाट्याने संपवायची.

त्या गुरुवारी शिक्षकांचा संप होता, म्हणून आई आणि मावशीबरोबर लमीसही दवाखान्यात गेली. जोएल-रीताला सांगायला काहीतरी मिळेल हाही एक हिशोब होताच.

डॉक्टर तरुण होते, गोड बोलायचे. कातडीवर एक छोटं लोहचुंबक फिरवून त्यांनी आतल्या पिशवीचं तोंड शोधलं, खूण केली, सुई टोचली. मावशी समोरच्या आरशात बघत होती. पाणी आत जाऊ लागलं तसा तिचा खांदा किंचित वर आला.

"बस," ती म्हणाली.

डॉक्टरांचा हात थांबला.

"लाजतेय हो," आई म्हणाली. "लहानपणापासून अशीच. घाला आणखी थोडं."

"मदमोझेल नुहाद?" डॉक्टरांनी अदबीने विचारलं.

मावशीने आरशातून आधी आईकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "तुमच्या हाताला गुण आहे, डॉक्टर," ती म्हणाली.

असं म्हटल्यावर झहलेतला कुठला माणूस थांबेल? डॉक्टर हसले आणि त्यांनी उरलेलं पाणी आत सोडलं.

लमीसचं तोंड उघडं होतं. सगळ्या शाळेपुढे घडाघडा बातम्या वाचणारं तोंड. त्यातून शब्द सोडा, हवासुद्धा बाहेर आली नाही.

पट्टी लावून झाल्यावर डॉक्टर समजावू लागले. आता डावी बाजू उजवीपेक्षा बरीच मोठी दिसते आहे. दोन मार्ग आहेत. एक, इथलं थोडं पाणी काढून घ्यायचं आणि उजवीशी जुळेल असं दोनशे दहा सीसीचं एकच इम्प्लांट डावीकडे बसवायचं. दुसरा, डावी आहे तेवढीच ठेवायची, मोठं सव्वातीनशेचं बसवायचं, आणि जोडी जमावी म्हणून उजवीकडेही शस्त्रक्रिया करून एक इम्प्लांट घालायचं. "इम्प्लांट बैरूतहून मागवावी लागतात. घरी विचार करा आणि कळवा. पुढच्या गुरुवारी पुन्हा मापं घेऊन पक्कं करू."

"दोन्हीकडे," आई उभ्या उभ्याच म्हणाली.

परत येताना मावशी पुढे बसली होती. गाडी नदीवरच्या पुलापाशी आली तेव्हा ती काचेकडे तोंड करून म्हणाली, "उजवी माझी चांगली आहे."

"चांगली आहे, पण केवढीशी," आई म्हणाली. गाडी चालवताना तिला हात हलवून बोलायची सवय, त्यामुळे गाडीही थोडी हलली. "नुहाद, ऐक माझं. आपल्या बापाने तुझी शाळा सोडवली, तू बरं म्हणालीस. आईचं दुखणं काढलंस, बरं म्हणालीस. खोली घेतलीस ती एवढीशी. लोकांच्या लग्नातले झगे इस्त्री करत बसलीस. आयुष्यभर सगळं कमी कमीच घेत आलीस. या वेळी नाही. या वेळी तुला भरभरून मिळणार, मी मिळवून देणार."

बोलता बोलता आईचे डोळे भरून आले. मागच्या सीटवर लमीसला वाटलं, आई दुष्ट असती तर किती बरं झालं असतं. सरळ भांडता तरी आलं असतं.

सीटचा पट्टा छातीवर दाबत होता, तो मावशीने अंगठ्याने धरून जरा दूर केला आणि घरापर्यंत तसाच धरून ठेवला.

शनिवारी कोपऱ्यावरचे वाणी जिरजिसकाका गेले. चर्चच्या दालनात त्यांच्या घरच्यांना भेटायला जायचं होतं. आईला मायग्रेन, म्हणून मावशी आणि लमीस गेल्या. काळ्या कपड्यांतल्या बायका भिंतीला धरून ओळीने बसलेल्या, मधून एक म्हातारा हातात लांब चोचीची किटली आणि बिनकानाचे छोटे पेले घेऊन फिरत होता. मयताची कॉफी, साखर नसलेली, कडूजहर. मावशीने एक घोट घेतला आणि पेला परत देताना मनगटातून नुसता हलवला, डावीकडे, उजवीकडे.

म्हातारा पुढच्या बाईकडे गेला.

लमीस बघतच राहिली. "मावशी," ती कुजबुजली, "त्याने आग्रह नाही केला."

"कडू कॉफीला आग्रह नसतो. मयताच्या घरी कोण कुणाला आग्रह करणार? पेला हलवला की संपलं."

"एकदा हलवला तरी?"

"एकदाच हलवायचा असतो."

"मग डॉक्टरांकडे पण तसंच कर ना."

"सुई घेऊन उभ्या असलेल्या माणसापुढे पेला हलवू?" मावशीला हसू आलं. समोरच्या बाईने वळून पाहिलं तशी तिने तोंडावर रुमाल धरला. लांबून कुणाला वाटावं, जिरजिसकाकांसाठी किती रडते आहे. रुमालाआडून मग तिचा आवाज आला, वेगळाच. "उजवीला त्यांनी हात लावू नये असं वाटतं गं. तिला काही झालेलं नाही. तिने काय केलंय कुणाचं?"

"मग सांग ना आईला."

"सांगितलं की. गाडीत."

"तू काचेला सांगितलंस, मावशी."

मावशीने रुमालाची घडी घातली. इस्त्रीवालीची घडी, कोपऱ्याला कोपरा.

रविवारी जेवणाला सगळे होते, म्हणजे चौघंच, पण आईने केलं होतं बारा जणांचं. पानांच्या गुंडाळ्या, खिम्याचे किब्बे, ताब्बुलेची कोशिंबीर, दह्यातली वांगी. मावशी बस म्हणाली, आईने वाढलं. मावशीने खाल्लं. लमीस हे जन्मापासून बघत आली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदाच ती मावशीचे घास मोजू लागली.

तिने चमचा खाली ठेवला. या वेळी कुणी डिवचलं नव्हतं. या वेळचा प्रश्न तिचा स्वतःचा होता.

"मावशी, तुला किती मोठं हवंय?"

बाबांनी रेडिओकडे हात नेला. रेडिओ व्हरांड्यात होता.

"मार्लेनने सगळं बघितलंय," मावशी म्हणाली.

"बघितलंय म्हणजे काय, कालच फोन केला," आई म्हणाली. "दोन मागवलीत. सव्वातीनशेची. बुधवारी येतील."

बाबा टेबलक्लॉथवरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होते. तसेच खाली बघत म्हणाले, "तिला विचारलंस?"

"विचारलं की."

"मग?"

"नको म्हणाली."

"मग?"

"अहो, नको तर ती म्हणतेच," आई म्हणाली. तिला खरंच कळेना की हा माणूस विचारतोय तरी काय. "आपल्या लग्नातसुद्धा नवीन झगा नको म्हणाली होती. मी घालायला लावला. अजून जपून ठेवलाय की नाही, विचारा."

मावशी हसली. ठेवलाय, असं मानेनेच सांगितलं.

आई उठली आणि वेलची घातलेली कॉफी घेऊन आली, गोड, रविवारची. पहिला पेला सगळ्यांनी घेतला. आई पुन्हा किटली घेऊन फिरली. मावशीपाशी आली तेव्हा मावशीने आपला पेला उचलला, आणि मनगटातून हलवला. डावीकडे, उजवीकडे.

घरच्या कॉफीला असं कुणी करत नाही. ते मयताचं. आईचा हात हवेतच थांबला.

"हे काय? घरात कोण गेलंय?"

मावशीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. लमीसने टेबलाखाली तिचा गुडघा धरला. बोल, मावशी. एवढं केलंस, आता बोल. बाबासुद्धा मान वर करून बघत होते. मावशीने पेला आणखी एकदा हलवला, पहिल्यापेक्षा हळू.

"अपशकुनी कुठली," आई म्हणाली, प्रेमाने म्हणाली, आणि तिच्या हातातला पेला सरळ करून काठोकाठ भरला. "अर्धाच घोट आहे. घे."

मावशीने भरलेल्या पेल्याकडे पाहिलं. मग तो दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, एक थेंबही न सांडता, सगळा प्यायली.

"हाताला चव आहे तुझ्या," ती म्हणाली.

लमीस उभी राहिली. खुर्ची मागे फरशीवर करकरली. शाळेत माईकपुढे उभं राहताना ती पाय जुळवते तसे तिने पाय जुळवले आणि टेबलाची कड धरली. माईक असता तर बरं झालं असतं. आवाज मोठा असला की तो आपलाच आहे हे विसरता येतं.

"आई, बाबा. गुरुवारी मावशीबरोबर मी जाणार आहे. शाळा असली तरी. आई, तू येऊ नकोस, बाहेरच्या बाकावर बसायलासुद्धा नको. बाबा, तुम्ही व्हॅनने सोडा, नाहीतर आम्ही चालत जाऊ. मापं घेताना मावशी एकदाच बस म्हणणार, मला माहीत आहे. दुसऱ्यांदा मी म्हणेन. तिसऱ्यांदाही मी म्हणेन. आणि डॉक्टर हसले, तर चौथ्यांदाही मीच म्हणेन."