साहेबांच्या पसंतीचा फिल्टर

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी साहेबांची जुनी गाडी विकत घेतली, तेव्हा मी एवढंच विचारलं, "आणि साहेबांना कुठे ठेवणार? माळ्यावर?" त्यावर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात शांतता होती, मला बरं वाटलं.

हे म्हणजे साहेबांचे पीए. अख्खी नोकरी एका माणसाच्या मागे फायली धरून चालण्यात गेली. गाडीत साहेब मागे बसायचे आणि हे पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर बॅग, मान सतत अर्धी मागे वळलेली. त्या मानेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा अजून आमच्या कपाटात आहे. पुढे साहेबांनी नवी गाडी घेतली आणि ही जुनी कंपनीच्या गोदामात ताडपत्रीखाली धूळ खात पडली. लांबलचक, काळीभोर, आत चामड्याच्या सीटा, पुढे खऱ्या लाकडाची फळी. एके काळी तिच्याकडे लोक वळून बघायचे. आता ती आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभी राहिली की तिचं अर्धं ढुंगण रस्त्यावर यायचं आणि लोक वळून शिव्या द्यायचे.

ह्यांना त्या गाडीतून गावभर हिंडायचं नव्हतं. एकाच ठिकाणी जायचं होतं. कंपनीतल्या जुन्या लोकांचा मेळावा एका हॉटेलात होता आणि साहेब येणार होते. तिथे दारात गाडी लावायची, चालवणाऱ्याच्या बाजूनं मालक म्हणून उतरायचं, आणि साहेबांनी म्हणायचं, "छान ठेवली आहेस रे गाडी." बस, एवढं एक वाक्य. "आयुष्यात त्यांनी मला कधी छान म्हटलेलं नाही गं," हे एका दुपारी पेपर वाचता वाचता म्हणाले. इतक्या सरळपणे म्हणाले की मला टोमणासुद्धा सुचला नाही.

तर गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला हा एक वेगळाच नमुना. कान आणि खांदा यांच्यामध्ये कायम फोन धरलेला, आणि कशालाही उत्तर एकच, "चालेल ना." त्यानं तळाचा बोल्ट सोडला तर इंजिनातून डांबरासारखं ऑइल निघालं. म्हणाला, "नवं ऑइल भरा आणि नवा फिल्टर आणून द्या."

फिल्टर म्हणजे काय, तर एक पत्र्याचा डबा. आत कागदाच्या घड्या. इंजिनातलं ऑइल त्यातून फिरतं आणि कचरा त्या कागदाला अडकतो. जुना फिरवून काढायचा, नवा फिरवून लावायचा. जगातल्या यच्चयावत गाड्यांचं एवढ्यात भागतं. पण साहेबांच्या गाडीचं असं कसं भागेल?

मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून केस पांढरे केले आहेत. तीच गोळी, तोच कारखाना, नुसती पाकिटं वेगळी. आणि महागाच्या पाकिटातून घेतली की ज्याचा ताप तासाभरात उतरतो अशी माणसं मी रोज पाहिली आहेत. त्यामुळे मला पाकिटाचं कौतुक नाही. गाडीच्या खणात माहितीपुस्तक होतं, ते मी काढून वाचलं. फिल्टरचा नंबर त्यात छापलेला होता. तो कागदावर लिहून घेतला आणि ह्यांच्याबरोबर स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. ह्यांना एकटं पाठवलं असतं तर हे फिल्टरऐवजी फिल्टरची पूजा करून आले असते.

दुकानदार जाडजूड, काउंटरमध्ये कसाबसा मावलेला. त्यानं आमच्यापुढे दोन डबे ठेवले. एक आखूड, पांढरा, अगदीच गरीब चेहऱ्याचा. दुसरा बोटभर लांब, काळा कुळकुळीत, वर सोनेरी अक्षरं.

"हा तुमचा," पांढऱ्यावर बोट ठेवून तो म्हणाला. "काळा आहे तो पुढच्या मॉडेलचा. आटे तेच आहेत, त्यामुळे बसतो तुमच्याही इंजिनाला. पण तुमच्यात फिल्टर आडवा असतो. गाडी बंद केली की ऑइल परत खाली जातं. पांढऱ्याच्या आत रबरी झडप आहे, ती ते ऑइल धरून ठेवते. काळ्यात ती नाही, कारण पुढच्या मॉडेलमध्ये झडप इंजिनातच दिली आहे."

"आणि काळाच लावला तर?" मी विचारलं.

"गाडी बराच वेळ उभी राहिली, की पुढच्या वेळी चालू करताना इंजिन कोरडं असणार. ऑइल वर चढेपर्यंत खडखडाट करील. रोज असं झालं तर इंजिनातली चेन खाईल."

मी कागदावरचा नंबर पांढऱ्या डब्याशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. "झालं तर मग. हा द्या."

पण ह्यांनी तोवर काळा डबा हातात घेतला होता. खालून वरून बघत होते. "वजन बघ गं याचं," म्हणाले.

"वजन बघून औषध घ्यायचं असतं, तर लोकांनी वरवंटा गिळला असता."

दुकानदार हसला. हे हसले नाहीत. "साहेब असल्या पांढऱ्या डब्याला हात लावू देतील असं वाटत नाही मला," म्हणाले. "थांब, त्यांनाच विचारतो."

"अहो, त्या माणसानं जन्मात कधी बॉनेट उघडलंय का?"

"साहेबांचं सगळ्यावर बारीक लक्ष असायचं."

आणि ह्यांनी तिथेच, काउंटरवर कोपर टेकून, साहेबांना मेसेज लिहायला घेतला. 'आदरणीय साहेब, सादर प्रणाम. आपल्या कारकिर्दीत या वाहनास पुढीलपैकी कोणता फिल्टर वापरला जात असे, याबाबत कृपया मार्गदर्शन व्हावे.' मग पांढऱ्याचा फोटो. मग काळ्याचा फोटो. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे.

उत्तर आलं नाही. आम्ही हात हलवत घरी आलो. त्यानंतर ह्यांचा फोन जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशीशेजारी आणि, सांगू नये पण सांगते, संडासातसुद्धा. निळ्या खुणा आल्या तेव्हा हे धावत स्वयंपाकघरात आले. "वाचलं! साहेबांनी वाचलं!" गाडी तिकडे गॅरेजमध्ये पोट उघडं टाकून पडली होती, गॅरेजवाला 'चालेल ना' म्हणायचाही कंटाळला होता, आणि आमच्याकडे एका डब्यावर वरून हुकूम यायची वाट बघणं चाललं होतं. मी म्हटलं, पांढरा आणा आणि मोकळे व्हा. पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी उत्तर आलं. शब्द एकही नाही. नुसता एक अंगठा. काळ्या फिल्टरच्या फोटोवर.

हे इतके खूश झाले की त्यांनी चहा स्वतः केला. "बघ, नुसत्या अंगठ्यात निर्णय! याला म्हणतात साहेब."

"अहो, शेवटच्या फोटोला अंगठा देतात माणसं. 'पाहिलं', एवढाच त्याचा अर्थ. पांढरा शेवटी पाठवला असतात तर पांढऱ्यावर आला असता."

"साहेब असं करत नाहीत. एकेका फायलीवर विचार करून सही करायचे ते."

"विचार तुम्ही करायचात. ते फक्त सही करायचे."

ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, लागलं वर्मी. कुठलं काय! कप उचलून चहा संपवला आणि काळा फिल्टर आणायला गेले. दुकानदारानं त्यांना पुन्हा सांगितलं म्हणे, हा तुमचा नाही, आणि परत घेणार नाही. ह्यांनी त्याला फोन काढून अंगठा दाखवला. गॅरेजवाला म्हणाला, "चालेल ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली, तर डब्यात खिळे घालून कुणी हलवावेत तसा आवाज. चौथ्या मजल्यावरच्या मावशी गॅलरीत आल्या. थोड्या वेळानं आवाज थांबला, गाडी गोगलगायीसारखी गप्प झाली, आणि हे म्हणाले, "जागी होतेय." मग रोज सकाळी ती तशीच जागी व्हायची आणि अख्ख्या बिल्डिंगला जागं करायची. ह्यांनी आधी पेट्रोलला नावं ठेवली, मग थंडीला. मग म्हणाले, आपल्या पार्किंगलाच उतार आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!

"अजून वेळ गेलेली नाही," मी म्हटलं. "मेळाव्याच्या आधी पांढरा लावून घ्या."

"साहेबांनी सांगितलेला काढून? आणि त्यांनी पाहिलं तर?"

"साहेब काय गाडीखाली झोपून बघणार आहेत?"

"तुला नाही कळायचं," हे म्हणाले. खरंच नाही कळत. इतक्या वर्षांत नाही कळलं.

मेळाव्याच्या दिवशी ह्यांनी गाडी धुतली, पुसली, काच फुंकर मारून पुन्हा पुसली. वाटेत ती छान चालली. खोटं कशाला बोलू, सीट मऊ होती आणि मला मजा येत होती. सिग्नलला एका पोरीनं गाडीकडे बघून मैत्रिणीला कोपरानं ढोसलं, तेव्हा ह्यांची छाती फुगली. माझीही थोडी फुगली.

पण साहेब आमच्या आधीच पोचले होते. दारात उतरताना ह्यांना पाहिलं ते फक्त हॉटेलच्या दरबानानं. आत भाषणं झाली, जेवणं झाली. हे पूर्ण वेळ साहेबांपासून हातभर अंतरावर घोटाळत होते, एक शब्द मिळावा म्हणून. साहेब सगळ्यांशी बोलले. ह्यांना म्हणाले, "अरे, जरा पाणी सांग." वेटर दोन पावलांवर उभा होता, तरी ह्यांनी स्वतः जाऊन पाणी आणलं. मी ताटात बघत राहिले.

दुपार कलल्यावर सगळे पोर्चमध्ये आले. साहेबांचा ड्रायव्हर त्यांच्या मुलाला आणायला गेला होता, अजून परतला नव्हता. साहेब काठीवर रेलून इकडेतिकडे बघत होते. त्यांची नजर गाडीवर गेली.

"अरे, ही आपली गाडी ना?"

"हो साहेब!" ह्यांचा चेहरा असा उजळला की मीसुद्धा मनात म्हटलं, म्हणा हो एकदाचं. तुमचं काय जातंय?

साहेब चालत गाडीपाशी आले आणि मागच्या दाराजवळ उभे राहिले. नुसते उभे राहिले. हे पळत वळसा घालून गेले आणि दार उघडून धरलं. साहेब आत बसले. "घरी सोड मला," म्हणाले.

मी पुढे बसले. माझं दार कुणी उघडलं नाही, ते वेगळं सांगायला नको.

ह्यांनी किल्ली फिरवली. दुपारभर उभ्या असलेल्या गाडीनं असा खडखडाट केला, की पोर्चमधली सगळी मंडळी बोलायची थांबली.

"हे काय?" साहेब मागून म्हणाले. "माझ्याकडे होती तेव्हा आवाज म्हणून नव्हता हिचा. काय करून ठेवलंस? एक गाडी सांभाळता आली नाही तुला?"

"चुकलं साहेब," हे म्हणाले. "माझंच चुकलं."

माझं डोकं फिरलं. "ह्यांचं काय चुकलं?" मी मागे वळून म्हटलं. "फिल्टर तुम्ही पसंत केलात. ह्यांनी दोन फोटो पाठवले होते, तुम्ही चुकीच्या फोटोवर अंगठा दिलात."

"कसले फोटो?" साहेब खरंच गोंधळले. मग हसायला लागले. "छे हो, मी कुठले मेसेज बघतोय! फोन आमच्या नातीकडे असतो. शाळेतसुद्धा जात नाही अजून, पण फोन असा चालवते! सगळ्यांना अंगठे पाठवत सुटते."

खडखडाट थांबला होता. ह्यांचे हात स्टिअरिंगवर होते आणि बोटं पांढरी पडली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. साहेबांना नको, मला बोलला तरी चालेल. 'तू सांगत होतीस,' एवढं म्हणाला असता तर मी जन्मभर एक टोमणा मारला नसता.

हे मागे वळले. चेहऱ्यावर हसू आणलं.

"नातीनं पसंत केला असेल तर बरोबरच असणार, साहेब," हे म्हणाले. "आमच्या गाडीलाच सोसला नसेल."

मी दार उघडून खाली उतरले.

"अगं, कुठे चाललीस?"

"टॅक्सीनं येते मी."

'थांब' म्हणाले असते, तर मी परत बसले असते. अगदी खरं सांगते, बसले असते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मग वर आरशात पाहिलं, मागच्या सीटकडे.

साहेब म्हणाले, "चल."

हे गेले.