उरलेली कातडी

“एक मिनिट, एक मिनिट! हे घालून आत नाही जायचं. आधी सगळं काढायचं, साबण लावून अंघोळ करायची, मग स्विमसूट.”

शॉवरच्या दारात उभी असलेली पोरगी हे सगळं चक्क इंग्रजीत म्हणाली. वर भिंतीवरच्या चित्राकडे बोटही दाखवलं. चित्रात एक उघडा माणूस होता आणि त्याचं डोकं, काखा, पाय आणि मधला भाग लाल रंगवलेला होता. जिथे लाल तिथे साबण. तलावाच्या पाण्यात औषध जेमतेम घालतात, तेव्हा माणसानेच स्वच्छ होऊन उतरायचं, हे आइसलँडमधलं पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं. चुकतात ते फक्त प्रवासी.

आणि रान्वेग तर याच खाडीच्या काठी जन्मली होती! याच तलावात हातपाय मारायला शिकली होती. रस्त्यापलीकडच्या मासळीच्या कारखान्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण पोरगी नवी होती, शेजारच्या खाडीवरून कामाला आलेली. स्विमसूट घालून शॉवरखाली घुसणारी बाई म्हणजे परकी, हे तिचं गणित काही चुकीचं नव्हतं.

“ए ब्रिन्या!” आत शॉवरच्या खुर्चीवर बसलेली म्हातारी खणखणीत आवाजात ओरडली. “ती परकी नाहीये गं, माझी मुलगी आहे! लाजतीये नुसती. हाण तिला, पण आपल्या भाषेत हाण!”

ब्रिन्या कानापर्यंत लाल झाली. “सॉरी हं,” ती आता आपल्या भाषेत पुटपुटली, “पण नियम सगळ्यांना सारखाच आहे. मी काय करू?”

“बरोबर आहे तुझं,” रान्वेग म्हणाली आणि टॉवेल छातीशी घट्ट धरून तिथेच उभी राहिली.

खुर्चीवरची म्हातारी म्हणजे तिची आई, सिग्नी. वय ऐंशीच्या पुढे, जीभ विशीतली. तिचे दोन्ही हात दिवसभर थरथरत. कॉफीचा कप धरता येत नसे, स्वेटरची बटणं लागत नसत, विणकाम तर केव्हाच सुटलं होतं. पण रोज सकाळी गावातल्या तीन बायकांबरोबर तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात बसली, पाणी गळ्यापर्यंत आलं, की तेवढा वेळ ते हात शांत होत. का, ते डॉक्टरलाही धड सांगता आलं नव्हतं. सिग्नी त्या तासासाठी जगत होती, असं म्हटलं तरी चालेल.

मागच्या आठवड्यात ती शॉवरमध्ये पाय घसरून पडली. हाड वाचलं, पण तलावाच्या व्यवस्थापकाने सांगून टाकलं की यापुढे कुणीतरी अंगाला अंग लावून सोबत असेल तरच आत सोडू. इतकी वर्षं तिला हुल्दा सांभाळायची, गावची जुनी सुईण. पण हुल्दाचा गुडघा आता तिलाच सांभाळत नव्हता. रान्वेगचा भाऊ नॉर्वेत. राहिलं कोण?

राहिली रान्वेग. जी गेली कित्येक वर्षं या दाराच्या आत आली नव्हती.

आधी ती खूप जाड होती म्हणून. जाड म्हणजे किती, तर विमानात पट्ट्याला जोडपट्टी मागावी लागे आणि कारखान्यातला सगळ्यात मोठा पांढरा कोटही पाठीवर ताणायचा. तेव्हा आई म्हणायची, “चल की कुंडावर,” आणि ती म्हणायची, “जरा बारीक होऊ दे, मग येते.” मग तिने ऑपरेशनने जठर लहान करून घेतलं, तीन वर्षं चिमणीसारखं खाल्लं, आणि खरोखर निम्मी झाली. आई म्हणाली, “आता चल.” ती म्हणाली, “जरा थांब.”

कारण चरबी गेली होती, पण कातडी कुठे जाणार? ती तिथेच राहिली. पोटावरून मांड्यांवर लोंबायची, झालरीसारखी. दंडांवरून, पाठीवरून, गुडघ्यांवरून, सगळीकडून. रोज सकाळी रान्वेग पोटाची घडी उचलून खाली पावडर लावायची, सुती फडकं ठेवायची आणि सगळं पँटमध्ये कोंबून वर पट्टा आवळायची. संध्याकाळी फडकं काढताना कातडीही सोलून निघायची. बारीक झाल्याबद्दल गावात टाळ्या पडत होत्या, आणि घरी आरशावर तिने चादर टाकली होती.

कारखान्यात ती खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलापाशी उभी असायची. कॉड माशाचा तुकडा समोर आला की कडा साफ करायच्या, आणि पोटाकडची पातळ झूल सुरीच्या एका झटक्यात वेगळी करायची. एक झटका, खलास. दिवसाला किती झुली कापल्या याचा हिशेब नाही. कधीकधी सुरी हातात तशीच राहायची आणि मागची बाई ओरडायची, “झोपलीस का गं?”

आणि स्टेइनार. कारखान्यातला फोर्कलिफ्टवाला, बायको सोडून गेलेला, हळू बोलणारा. मागच्या हिवाळ्यात थोर्रीच्या सणाच्या गावजेवणाला त्याने तिला नाचायला ओढलं. मेंढीची मुंडकी खाऊन, ब्रेनिविन दारूचे दोन घोट पोटात गेल्यावर तीही उठली. छान नाचत होते दोघं! मग त्याचा हात तिच्या कमरेवर आला, आणि पट्ट्यावरून घसरून त्या मऊ, सैल, थंड गोळ्यावर थांबला.  त्याने तो काढला नाही, बिचाऱ्याने. तिनेच काढला, कोट उचलला आणि बर्फातून चालत घरी आली. तेव्हापासून तो फोर्कलिफ्टवरून मान हलवतो, ती मान हलवते, एवढंच.

राजधानीतल्या डॉक्टर ग्रीमूरने तिला तपासून, कातडी चिमटीत धरून, निळ्या पेनने अंगभर रेघा मारून सांगितलं होतं, “हे कापता येईल. कमरेभोवती पूर्ण व्रण राहील, पट्ट्यासारखा. पण सपाट होशील.” सपाट! घरी जाताना बसमध्ये ती हा शब्द मनातल्या मनात चघळत होती. शर्ट पँटमध्ये खोचून कामावर जायचं, तिला एवढंच तर हवं होतं.

यादी मात्र लांबलचक होती. आणि काल अचानक फोन आला की कुणीतरी मागे सरलंय, पुढच्या महिन्यातली तारीख मोकळी आहे, उद्या दुपारच्या आत हो-नाही कळव. नाही म्हणालीस तर पुन्हा यादीच्या शेपटाला. हो म्हणालीस तर ऑपरेशन, मग दीड-दोन महिने काही उचलायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही. मग दंड-मांड्यांचं दुसरं ऑपरेशन, पुन्हा तेच. उन्हाळा संपेपर्यंत कुंडाचं नाव नको.

आणि आईच्या हृदयाबद्दल दवाखान्यातल्या डॉक्टरणीने रान्वेगला दारातच, आई कोट चढवत असताना, हळूच सांगितलं होतं, “उन्हाळा बघतील असं वाटतं. त्यापुढचं मी नाही सांगू शकत.”

तर अशी सगळी गोष्ट. आणि आता ही उभी, टॉवेल धरून.

“रान्ना,” सिग्नी म्हणाली, “मला गारठा भरतोय.”

रान्वेगने टॉवेल खुंटीला अडकवला. स्विमसूटचे पट्टे खांद्यांवरून उतरवले आणि तो खाली ओढला, आणि इतका वेळ आत कोंबलेलं सगळं बाहेर आलं.

शॉवरखाली तिघीजणी होत्या: हुल्दा, शाळेत स्वयंपाक करणारी ग्रोआ, आणि पोस्टातून निवृत्त झालेली डाग्नी. तिघींनी एकदम नजर दुसरीकडे वळवली. ग्रोआ साबणाची बाटली वाचायला लागली, जणू तिच्यावर कादंबरी छापली होती! इथे कुणी कुणाच्या उघड्या अंगाकडे टक लावून बघत नाही, पण कुणी मुद्दाम नजर चोरतही नाही. पोटं, जुने टाके, एकच स्तन, सगळं दिसतं आणि गप्पा चालू राहतात. आज गप्पा थांबल्या. रान्वेग जाड असतानाही गावात तिला बघून गप्पा कधी थांबल्या नव्हत्या.

फक्त एकजण सरळ बघत होती. सिग्नीने मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भरल्या शॉवरमध्ये म्हणाली, “अगं बाई, केवढी ही कातडी! एवढ्यात आणखी एक पोर मावेल.”

“सिग्नी!” हुल्दा ओरडली.

“काय सिग्नी? मला एकच हवी होती, ही दुसरी कोण घेऊन आलीस गं?”

 ग्रोआला हसू फुटलं, डाग्नीला फुटलं, आणि रान्वेगही हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, तेव्हा तिने डोकं शॉवरखाली धरलं. ओल्या चेहऱ्यावर कुणाला काही कळत नाही. तरी सगळ्यांना कळलं.

मग तिने आईची पाठ घासली, काखा घासल्या, बोटांच्या बेचक्या घासल्या. एका हाताने आईला तोलून धरलं आणि दुसऱ्याने साबण धुतला. आई किती हलकी झाली होती, हे तिला तेव्हाच समजलं.

स्विमसूट चढवून दोघी बाहेर आल्या, तेव्हा अजून पुरता उजेड नव्हता. बर्फाचा भुगा उडत होता आणि कुंडावर वाफेचा ढग बसला होता. रान्वेगने आईला कमरेला धरून एकेक पायरी उतरवलं. पाणी गळ्यापर्यंत आलं. सिग्नीने डोळे मिटले. पाण्याखाली तिचे हात आधी तडफडले, मग मंदावले, मग थांबले.

“झालं,” ती पुटपुटली, “गेला बाई एकदाचा तो.” थरथरीला ती नेहमी ‘तो’ म्हणायची, आगाऊ पाहुण्याबद्दल बोलावं तशी.

“मग?” हुल्दाने विषय काढलाच. “कळवलंस का त्या कापणाऱ्याला?”

“अजून नाही.”

“हो म्हण आणि मोकळी हो. किती दिवस फडकी कोंबणार आहेस?”

“आणि जंतू गेले आत म्हणजे?” डाग्नी म्हणाली. “माझ्या भावजयीचं साधं पित्ताशय होतं, तर दोन महिने नळी लावून फिरत होती.”

“तू गप गं, तुझी भावजय प्रत्येक गोष्टीत असते!” ग्रोआ म्हणाली. “रान्ना, तुला काय वाटतं ते बोल.”

रान्वेगला काय वाटत होतं? तिला वाटत होतं, हो. हो, हो आणि हो. वाफेत बसून, पाण्यावर तरंगत वर येणारी आपलीच कातडी हाताने खाली दाबत ती मनात ओरडत होती की मला सपाट व्हायचंय. मला कुणीतरी कमरेला धरावं आणि मी पळून जाऊ नये.

“करून घे,” सिग्नी डोळे न उघडता म्हणाली. “माझं काय, मी घरी बसेन. रेडिओ आहे. बातम्या, हवामान, कोण कोण मेलं, सगळं सांगतात.”

 रान्वेगने पाण्यातून बघितलं. आईचे दोन्ही हात आईच्याच मांडीवर पडले होते, एकावर एक, झोपलेल्या बाळासारखे निवांत.

कपडे बदलायच्या खोलीत परत आल्यावर तिने दोघींचे ओले स्विमसूट उतरवले, आईला टॉवेलमध्ये गुंडाळून बाकावर बसवलं, हुल्दाला म्हणाली, “जरा बघ हिच्याकडे,” आणि लॉकरमधून फोन घेऊन कोपऱ्यातल्या केस वाळवायच्या यंत्राखाली जाऊन उभी राहिली.

“मी रान्वेग बोलतेय. काल तुम्ही दिलेल्या तारखेबद्दल.”  “ती दुसऱ्या कुणाला द्या.”

पलीकडची बाई भली होती. “नक्की ना? पुन्हा शेवटी जाशील, रान्वेग. वर्ष, दीड वर्ष, काही सांगता येत नाही. आणि मध्ये वजन हललं तर सगळं पहिल्यापासून.”

“माहितीये.”

“नाव तरी ठेवू ना यादीत?”

“ठेवा,” रान्वेग म्हणाली, आणि घाईघाईने पुन्हा म्हणाली, “ठेवा हं, काढू नका.”

फोन बंद करून ती भिंतीकडे वळली. यंत्राचं बटण उगाच दाबलं. गरम हवा भसाभस आली आणि त्या आवाजात तिने रडून घेतलं.

परतली तेव्हा सिग्नीचे हात पुन्हा सुरू झाले होते. ती मोजा घालायला बघत होती आणि मोजा पायाभोवती नुसता नाचत होता.

“काय झालं?” तिने विचारलं.

“उद्या जरा लवकर निघू,” रान्वेग म्हणाली. “रस्त्यावर बर्फ असेल.”

सिग्नीने तिच्याकडे बघितलं आणि मोजा पुढे केला.  

रान्वेग अजून उघडीच होती. तशीच ती आईपुढे फरशीवर गुडघे टेकून बसली. पोटाची घडी मांड्यांवर पसरली. तिने मोजा हातात घेऊन उलगडला, आणि सिग्नीने आपला गारठलेला पाय उचलून, दुसरीकडे कुठे टेकायला जागा नव्हती म्हणून, त्या घडीवर ठेवला.

“ऊब आहे,” सिग्नी म्हणाली.

“असू दे तिथेच,” रान्वेग म्हणाली, आणि दुसऱ्या पायात मोजा चढवायला लागली.