युस्टेसने वेदी का दिली

युस्टेसने भातशेत कारखान्याला विकलं, याबद्दल आमच्या अंधेरीच्या गावठाणात कुणाची तक्रार नव्हती. आम्हीही विकलंच होतं. पण त्या पैशातून त्याने चर्चला संगमरवरी वेदी दिली आणि गावाची झोप उडाली. आमच्याकडे चर्चला मेणबत्त्यांची जुडी म्हणजे घरात आजारपण, छताचा पंखा म्हणजे फेडलेला नवस. अख्खी वेदी म्हणजे नेमकं कोणतं पाप, ते कुणाला सांगता येईना. लहान नव्हे, एवढ्यावर एकमत होतं. तो पापं कबूल करायला कन्फेशनला जाई आणि लगेच बाहेर येई. म्हणजे फादरपासूनही लपवत होता.

वास शेजारच्या आंबोली गावापर्यंत गेला. तिथल्या एडवर्डच्या मुलाशी युस्टेसच्या मोनिकाचं ठरत आलं होतं. एडवर्ड येऊन बसला.

"पोरगी झकास आहे, युस्टेस. पण ती वेदी कशापायी?"

"देवाने दिलं, देवाला दिलं."

"असं कोण देतं रे?" म्हणत एडवर्डने भरलेला पेला खाली ठेवला. आमच्यात ही फार गंभीर गोष्ट.

क्लॅरिसने नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "काहीतरी सांग त्याला."

"केलंच नाही तर काय सांगू?"

"एवढ्या जन्मात एक पाप नाही तुझ्याकडे? मग पोरीचं लग्न व्हायचं कसं?"

युस्टेस बाहेर आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "शेजारच्या रोझारिओचा बांध मी दरवर्षी थोडा थोडा कोरत होतो. विकताना हातभर जागा माझ्यात धरली गेली."

एडवर्डचा चेहरा खुलला. "हे आधी बोलायचं ना, यार. मी म्हटलं, खूनबिन असेल." त्याने पेला उचलला. रविवारी चर्चमध्ये लग्न पुकारलं गेलं.

बांधाची गोष्ट कानावर येताच सोमवारी रोझारिओ दारात. "माझ्या हातभर जमिनीचे पैसे दे."

"अरे, खोटं बोललो मी. लग्नासाठी."

"बरं. मग एडवर्डला तसं सांगून येतो."

क्लॅरिसने मुकाट्याने कपाट उघडलं.

रोझारिओ खिसा चाचपत गेला. भांडण नाही, मोजणी नाही, शिवी नाही. संध्याकाळी क्रुसापाशी बसलेले आम्ही पुन्हा विचारात पडलो. नुसत्या हातभर बांधासाठी माणूस इतक्या गपचूप पैसे देतो होय?