कप्तानाचा आकडा

मी जात्याच संशयी. डोंगरावरचं मुक्कामघर अकरा वर्षं सांभाळलं की चढून आलेल्यांच्या थापा बुटांच्या चिखलावरूनही कळतात. त्यामुळे सहा वर्षांच्या पोरीला घेऊन तो बाप शिखर गाठायला आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमचा नियम साधा आहे. लहान मूल असलं की सकाळ-संध्याकाळ त्याच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा. आकडा ऐंशीच्या खाली आला, की मूल खाली. तिथे हुज्जत चालत नाही.

पोरीचा आकडा आला शहाण्णव. इथे माझा स्वतःचा नव्वदच्या वर जात नाही.

"कप्तान आहे आमची!" बाप म्हणाला. सगळं श्रेय जणू त्याच्याच फुप्फुसांचं.

कप्तानाने सूपला तोंडही लावलं नव्हतं. ओठ फिके पडले होते. शिवाय मी चिमटा हातात घेतला रे घेतला, की ती म्हणायची, "थांब मावशी, आधी बूट काढून येते," आणि बुटांच्या खोलीत गडप व्हायची. बापाच्या खिशात एक पत्र्याची डबी होती, तिच्यातलं काहीतरी तो येता-जाता तिच्या तोंडात टाकायचा. हा पोरीला औषध चारून आकडा फुगवतोय, अशी माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात दोर तपासत बसला होता. पहाटे शिखराकडे निघायचं होतं. पोरगी आत बाकावर झोपली होती. खुंटीवरच्या त्याच्या जाकिटात मी सरळ हात घातला. डबीत निघाल्या लिंबाच्या गोळ्या. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण संशय जाईना. मी झोपलेल्या पोरीच्या बोटाला हळूच चिमटा लावला.

बहात्तर.

हाक मारून बापाला आत बोलावलं. "यंत्र बिघडलं असेल, ताई," तो म्हणाला. चिमटा काढून त्याच्या बोटाला लावला. अठ्ठ्याऐंशी. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

एवढ्यात पोरगी जागी झाली. चिमटा बघून रडकुंडीला आली. "हे काय गं मावशी! मी अजून श्वास घेतलेच नव्हते."

"कसले श्वास?" बापाने विचारलं.

तिने करून दाखवलं. भिंतीकडे तोंड करून मोठे मोठे श्वास, एकामागून एक. "चाळीस घेतले की आकडा मोठा येतो."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणीच नाही. मागच्या डोंगरावर आकडा छोटा आला होता ना? मग आपण परत फिरलो. तू पार गाडीपर्यंत माझ्याशी बोललाच नाहीस."

त्याला एक ठेवून द्यावी असं वाटलं मला, आणि त्याची कीवही आली. तो तिच्यासमोर खाली बसला. मग त्याने तिचे बूट आणले आणि स्वतः नाड्या बांधल्या.

लगेचच दोघं उतरायला लागली. पोरगी पाठुंगळी, आणि बापाच्या तोंडाची टकळी सुरू. ढग काय, दगड काय, शेपूट नसलेलं अस्वल काय! हे मनापासून, की मी दारात उभी आहे म्हणून? वळणापलीकडे त्यांचा आवाज ऐकू येईना. मला राहवेना. बूट चढवले आणि वळणापर्यंत धावत गेले.

तो बोलतच होता.

"बाबा," पोरगी म्हणत होती, "जरा दम खा ना."