मूठ घासायची नाही

"उजेड माया तोंडावर काहून पाडून राहिली, माय? पात्यावर पाड."

मी मोबाइल खाली झुकवला. बाबांनी वाईसच्या लोखंडी जबड्यात एक जुना वाकस, सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, आवळला होता आणि त्याच्या गंजलेल्या पात्यावरून कानस फिरवत होते. दुपार टळली होती, तरी परसातलं टिनाचं शेड तापलेलंच होतं. चहा झाला म्हणून आई दोनदा ओरडून गेली.

"आलो, आलो," बाबा म्हणाले आणि हलले नाहीत.

रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना बसणं जमत नसे. टीव्हीसमोर बसले तरी गुडघा हलत राहायचा, मग उठून शेडात. बडनेऱ्याच्या भंगारवाल्यांकडून, तेल्हाऱ्याच्या बाजारातून, कुणाच्या माळ्यावरून ते टाकून दिलेली हत्यारं आणत. रंधे, गिरमिटं, विळे. गंज काढत, धार लावत, ज्याला गरज असेल त्याला देऊन टाकत.

त्या वाकसाचा दांडा एका जागी खोलगट झाला होता, कुणा अनोळखी सुताराच्या अंगठ्यानं. तो साफ करावा म्हणून मी काचपेपर उचलला.

"ठेव थो," बाबा म्हणाले. "मूठ घासाची नाई. लोखंड नवं करता येते. हे नाई करता येत. या जागेवर मानूस हाय."

"मेला असन थो कवाचाच."

"म्हनून तं."

मी पुन्हा उजेड धरून उभी राहिले. लहानपणी कंदील होता, मग टॉर्च आली, आता मोबाइल. पिंटूला, माझ्या धाकट्या भावाला, ते हात धरून शिकवू पाहत आणि तो क्रिकेट खेळायला पळून जाई. मी तिथेच असे. मला शिकवा, असं मी कधी म्हटलं नाही, आणि त्यांनाही ते सुचलं नाही. मोठेपणी मी अकोल्याला कॉलेजच्या लायब्ररीत लागले, तिथेच संसार केला. पण बडनेऱ्याला आले की चहाच्या आधी शेडात जायचे.

संध्याकाळच्या गाडीनं निघाले, तेव्हा बाबा शेडातूनच ओरडले, "पोचली का फोन कर!" मी केला. आईनं उचलला. बाबा शेडात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात पडले. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

जलदान विधी झाला. भंतेजी गेले, मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या, पाहुणे पांगले. मला मात्र घरात एका जागी बसवेना. घासलेली भांडी मी पुन्हा घासली. कपाट उघडलं, लावलं. कुणी समोर बसून बोलायला लागलं की माझी नजर परसाच्या दाराकडे जाई. झोपलेल्या माणसाच्या खोलीत जपून डोकावावं तशी मी शेडापर्यंत जायचे आणि परत यायचे.

"बस ना वो बाई जराशी," आई म्हणाली. "पुरी बापावर गेली."

मी बसले, आणि तेवढ्यात परसातून घर्र असा आवाज आला.

पिंटू शेडात ग्राइंडर घेऊन उभा होता. त्याची बायको भावना पोत्यात गिरमिटं भरत होती. वाईसमध्ये रंधा होता, आणि त्याची मूठ काळ्याची पांढरी झाली होती, सोललेल्या फांदीसारखी.

"काय करून राहिला तू हे?"

"माया दोस्ताचं, शिवमचं हॉटेल हाय ना, अमरावती रोडवर? त्याले भितीवर लावाले पाहिजे. जुन्या वस्तूईची फॅशन हाय म्हने. घासून, वार्निश मारून देतो. खाली बाबाचं नाव टाकू. लोकं फोटो काढतीन, ताई."

"धूळ खात पडल्यापक्षा बरं," भावना म्हणाली. मग थोडं थांबून, "अन् आमची गाडी उन्हातच राहते ना."

पिंटूनं मास्क खाली ओढला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मले हे शेड पाहवत नाई, ताई. सकाळी दार उघडलं का वाटते, आवाज येईन. रिकामं झालेलं बरं."

त्याचंही खोटं नव्हतं. मी मागे फिरणारच होते. लग्नानंतर या घरातून आईनं पिशवीत घातलं तेवढंच मी नेलं होतं. माहेरी काही मागणाऱ्या बहिणींना आमच्याकडे काय म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते.

पिंटूनं रंधा सोडवला आणि त्याच्या जागी बाबांचा हातोडा आवळला. रोजचा, कामाचा. दांडा घामानं काळाभोर झालेला, आणि एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा. त्यानं बटण दाबलं. चकती फिरायला लागली.

मी भिंतीतला प्लग उपटला.

"काय झालं?"

"हे मले पाहिजे."

"हातोडा? घे ना मंग. पहिलेच सांगाचं."

"हातोडा नाई फक्त. वाईस, कानशी, पोत्यातलं, सगळं. अकोल्याले न्याचं हाय मले."

भावनानं पिंटूकडे पाहिलं. पिंटू हसला, कुत्सितपणे नव्हे, खरंच न कळून.

"तू काय करशीन याचं, ताई? येते का तुले काही?"

"नाई येत."

चकती अजून आपल्या जोरानं फिरत होती. ती मंदावली, थांबली. मी वाईसचा दांडा धरला, पण तो कुठल्या बाजूला फिरवल्यावर सैल होतो, हेही मला आठवेना. आणि मग माझ्या तोंडून निघालं ते पिंटूला नव्हतं.

"मलेबी शिकवा ना जी, बाबा."