सुनेनं दिलेली मेंढी

टेंभुर्णीत आसराबाईंच्या ओसरीवर दुपारची भांडी आटोपली की पत्ते निघायचे. खेळ एकच, मेंढीकोट. दोन भिडू समोरासमोर, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध जोडी. चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्यांना जास्त मेंढ्या सापडतील त्यांचा डाव; दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त त्यांचा. आसराबाई मेंढपाळाच्या घरात जन्मलेल्या. "मेंढरं वळण्यात निम्मी हयात गेली माझी, या चार काय सुटतेत?" असं म्हणत त्या पान आपटायच्या.

सून रेणुका त्यांची कायमची भिडू. लग्न होऊन आली तेव्हा तिला पत्ते नीट पिसताही येत नव्हते. सगळं सासूनंच शिकवलं, खुणांसकट. नाक पुसलं की इस्पिकची मेंढी माझ्याकडं. पदर सावरला की चौकटची. कान चोळला की बदामची, जपून खेळ. ओसरीवर सगळ्याच बाया खुणा करायच्या आणि सगळ्यांना सगळ्यांच्या खुणा पाठ होत्या, त्यामुळं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

यंदा सुगी आटोपल्यावर गावातल्या मंडळानं मारुतीच्या सभामंडपात मेंढीकोटच्या स्पर्धा ठेवल्या, जिंकणाऱ्या जोडीला ढाल. पैसा लावायचा न्हाई, बोलायचं न्हाई, खुणा करायच्या न्हाईत, असं रखमाजींनी लाउडस्पीकरवरून बजावून सांगितलं. रखमाजी पंच. एके काळी ते कबड्डीचे पंच होते, म्हणून पत्त्यांच्या सामन्यालाही गळ्यात शिट्टी अडकवून आले होते. बाया खेळणार का, असं कुणी विचारायच्या आत आसराबाईंनी दोघींची नावं दिली.

जाताना वाटेत रेणुका म्हणाली, "आत्याबाई, तिथं खुणा चालायच्या न्हाईत बरं का."

"बहिरी हाय का मी? ऐकलं की भोंग्यावर."

आणि खरंच, पहिल्या दोन जोड्यांना त्यांनी सरळ खेळून हरवलं. आसराबाईंनी हात मांडीवरून हलवला नाही. रेणुकाला सासूचा अभिमान वाटला. बघता बघता दोघी शेवटच्या सामन्याला बसल्या.

समोर कचरू आणि राधेश्याम. कचरूमामा वयानं आसराबाईंच्या बरोबरीचे, धिम्या चालीचे. पान टाकायच्या आधी मिशीवरून एकदा हात फिरवायचे. राधेश्यामचं किराणा दुकान. तोंडानं गोड, पण कुणी काय टाकलं ते बरोबर ध्यानात ठेवणारा. रेणुकाच्या उजव्या हाताला राधेश्याम, डाव्या हाताला कचरूमामा, समोर सासू.

तीन डावांचा सामना होता. पहिला डाव दोघींनी घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्याला सभामंडपात माणूस मावेना. बाया पायऱ्यांवर येऊन बसल्या, कुणी कुणाला ढकलून बघत होतं. हुकूम इस्पिकचा ठरला. इस्पिकची मेंढी राधेश्यामनं नेली, चौकटची आसराबाईंनी. राहिल्या बदामची आणि किल्वरची.

हात रेणुकाचा होता, म्हणजे पुढचं पान तिनंच काढायचं. तिनं हिशेब केला. बदाम फारसे निघाले नव्हते. बारकं पान टाकून अंदाज घ्यावा, असं ठरवून तिनं बदामची सत्ती बोटांत धरली, वर ओढली, आणि सहज समोर पाहिलं.

आसराबाई कान चोळत होत्या.

मुद्दाम नसावं ते. डोळे पत्त्यांवर होते, कपाळाला आठ्या होत्या आणि हात आपला आपण कानाकडं गेला होता, खाज सुटल्यावर जातो तसा. पण रेणुकाला जे कळायचं ते कळलं. बदामची मेंढी सासूकडं होती. आता सत्ती टाकणं म्हणजे मेंढी वाघाच्या तोंडी. किल्वर काढला तर ती वाचत होती.

बोटं तशीच राहिली. कुणी पाहिलं नव्हतं. राधेश्याम स्वतःची पानं जुळवत होता. पण आपण तर सत्तीच काढली होती की, रेणुकाच्या मनात आलं. आता ती आत ढकलून दुसरं पान काढायचं, तर ते पान आपलं कसं?

तिनं सत्ती टाकली.

राधेश्यामनं एक्का मारला. आसराबाईंकडं बदामचं ते एकच पान उरलं होतं. त्यांनी सुनेकडं असं पाहिलं, की पायऱ्यांवरच्या बायांनी माना उंचावल्या. मग मेंढी खाली ठेवली आणि त्यांच्या तोंडून फुटलं, "मी इथं कान चोळून चोळून लाल केला, आन् तुला दिसलं न्हाई व्हय गं?"

 सभामंडपात हसण्याचा असा लोंढा आला की रखमाजींना शिट्टी फुंकावी लागली. आसराबाईंनी तोंडाला पदर लावला, पण शब्द निघून गेला होता.

"खूण झाली," रखमाजी म्हणाले. "नियम म्हंजे नियम. डाव बाद. सामना कचरूमामांचा."

राधेश्याम पानं खाली ठेवणार, तोच कचरूमामांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांब रं. रखमाजी, खूण केली हे खरं. पण सूनबाईनं ती घेतली कुठं? उलट मेंढी आमच्या पदरात टाकली. जिनं फायदा घेतला न्हाई, तिचा डाव बाद करून आम्ही ढाल कशी न्यायची?"

"नियमात तसं न्हाई, मामा."

"मंग आम्हीच म्हणतो, खेळू द्या. काय राधेश्याम?"

राधेश्यामनं घटकाभर ढालीकडं पाहिलं. मग पानं पुन्हा उचलली. "खेळू द्या. असं जिंकून दुकानात बसलो तर गिऱ्हाइकं हसतील मला."

रखमाजींनी शिट्टी खाली सोडली.

पुढचे हात आसराबाई दोन्ही कोपरं मांडीला टेकवून खेळल्या. किल्वरची मेंढी रेणुकानं हुकूम मारून धरली, तेव्हा बायांनी टाळ्या पिटल्या. दोन-दोन मेंढ्या झाल्या. हात मोजले. कचरूमामांच्या जोडीचे सात, सासू-सुनेचे सहा.

कचरूमामा उठले आणि त्यांनी आधी आसराबाईंना, मग रेणुकाला हात जोडले. "ताई, चांगला घाम काढला तुम्ही आमचा."

"एका हातानं वाचलात," आसराबाई म्हणाल्या. पण हसून म्हणाल्या. तेवढ्यात राधेश्यामनं चहा मागवला आणि चौघं पुन्हा तिथंच बसली. ढाल बाजूला पडून राहिली आणि उगीचचा आणखी एक डाव झाला.

घरी निघाल्यावर सासू पुढं झाली. रेणुका मागं मागं चालत होती. आसराबाईंनी विचारलं, "तुला दिसलं होतं, न्हाई?"

"दिसलं होतं."

"आन् तरी?"

"पान आधीच काढलं होतं, आत्याबाई. तुमच्यासमोर खोटं खेळायची लाज वाटली."

"माझ्यासमोर?" आसराबाई थबकल्या. "मीच तर शिकवलं तुला ते." मग त्यांनी मान हलवली. "एक मात्र बरं झालं. माझ्या सुनेचं नाव झालं, माझं हसू झालं. उलटं झालं असतं तर घरात भांडण लागलं असतं."

रेणुकाला हसू आवरेना. रोज ओसरीवर खेळायला येणाऱ्या गोजरबाईंच्या दारासमोरून जाताना आसराबाईंची पावलं आपोआप तिकडं वळली.

"हरलात म्हणे?" गोजरबाईंनी ओट्यावरूनच विचारलं.

"हरलो, पण कसं ते ऐक," म्हणत आसराबाईंनी चपला काढल्या आणि ओट्यावर ऐसपैस मांडी घातली. "रेणुका, तू हो पुढं, भाकरीचं बघ. मला येळ लागंल."